घरच्या किरकोळ कामांसाठी बिट बदलणारा छोटा स्क्रू ड्रायव्हर: कुठला घ्यावा?

माळ्यावरचा
लोकहो, काम बारकं आहे पण डोकं खातंय म्हणून धागा काढतोय. घरात एक ड्रॉवर आहे, त्यात संपलेले सेल, कुठल्या कुलपाच्या कुणालाच माहीत नसलेल्या चाव्या, दोऱ्याचं रीळ आणि चार स्क्रू ड्रायव्हर असे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. चारपैकी दोघांची टोकं गोल झालीत, एक लाइन टेस्टर आहे ज्याचा वापर डब्याची झाकणं उचकटायला होतो, आणि एक आईचा लाल मुठीचा जुना, जो ती कुणाला देत नाही. म्हणून मागे हौसेने बिटचा, म्हणजे मुठीत बदलून लावायच्या टोकांचा, ४६ तुकड्यांचा एक सेट घेतला. तिसऱ्याच दिवशी दाराच्या बिजागरीचा स्क्रू पिळताना फुलीचा बिट जिलबीसारखा पिळला गेला, आणि महिन्याभरात डबीची कडी तुटून सगळे बिट सोफ्याखाली. आता एकच काहीतरी बरं, छोटं, ड्रॉवरात मावेल असं घ्यायचंय. कामं नेहमीचीच, म्हणजे खुर्चीचे ढिले स्क्रू, कपाटाची दारं, खेळण्यांच्या सेलची झाकणं, क्वचित प्लग, आणि बाबांचा चष्मा. रॅचेट, म्हणजे एका दिशेला पिळणारी आणि मागे नुसतीच फिरणारी मूठ, लागतं का, बिट किती हवेत, मुठीत बिट ठेवायची सोय असावी का, जे सुचेल ते सांगा.

सुटा_नट
बिट किती हवेत हा प्रश्नच सोडून दे. खोक्यावर मोठा आकडा छापतात कारण आकडा छापायला काही लागत नाही, चांगलं पोलाद घालायला लागतं. तुझ्या ४६ मध्ये निम्मे असे असणार की ज्यांचा स्क्रू तू जन्मात बघणार नाहीस. अकरा-इन-वन म्हणतात त्या प्रकारातसुद्धा बघ, क्लाइन कंपनीचा जो प्रसिद्ध आहे त्यात ११ मधले ३ तर नट फिरवायचे सॉकेट आहेत, म्हणजे दांडीच्याच नळ्या, खरी टोकं ८. वाईट नाहीये तो, उलट दणकट आहे, पण मोजणी कशी असते ते सांगतोय.

मी घेताना दोनच गोष्टी बघतो. एक, बिट प्रमाण मापाचा हवा, म्हणजे पाव इंची षटकोनी, ६.३५ मिलिमीटर, लांबी २५ मिलिमीटर. हे माप जगभर तेच आहे, ड्रिलला पण तोच बिट लागतो, त्यामुळे एक खराब झाला की एकच नवा आणायचा. ज्यांचे बिट दोन्ही बाजूंनी टोकवाले आणि त्या कंपनीच्याच मापाचे असतात त्यात एक हरवला की दोन गेले, आणि वरून तो सुटा मिळेलच याची खात्री नाही. दुसरं म्हणजे मूठ. तळहातात भरेल अशी जाड हवी. बाकी सगळं नंतर.

निवांत_मावशी
मला एक सांगा, बिटवर पीएच-बीएच लिहितात ते म्हणजे आपलं स्टारच ना? कारण माझा या शब्दावरून एकदा पोपट झालाय. आमच्याकडे प्लसवाल्याला स्टार आणि चपट्याला मायनस म्हणतात, मी मुलाला सांगितलं स्टार मागव, त्याने ऑनलाइन ‘स्टार बिट सेट’ म्हणून मागवला तर आला सहा पाकळ्यांचा. घरातल्या एकाही स्क्रूला बसेना.

सुटा_नट
मावशी, मुलगा बरोबर होता आणि तुम्हीही :) आपण ज्याला स्टार म्हणतो ती चार पायांची फुली, तिचं नाव फिलिप्स, बिटवर पीएच लिहिलेलं असतं. सहा पाकळ्यांचा तो टॉर्क्स, त्यावर टी १०, टी १५, टी २० असं असतं, आणि आकाराने खरा चांदणीसारखा तोच. मागवताना स्टार शब्द टाळायचा, बिटवरचा नंबर सांगायचा. घरात बहुतेक ठिकाणी पीएच २ लागतो, साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला. त्याहून बारीक असेल तर पीएच १. पीएच ३ लागला तर समजायचं काम घरगुती राहिलेलं नाही.

गंजलेला_खिळा
माळ्यावरचा, तुझा बिट पिळला गेला तो नुसता मऊ होता म्हणून की चुकीचा होता म्हणूनही? कपाटाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू जरा भिंग लावून बघ. फुलीच्या चार खाचांच्या मधे, तिरक्या, अगदी केसासारख्या चार बारीक रेघा दिसल्या तर तो फिलिप्स नाहीच, तो पोझिड्राइव्ह. बिटवर पीझेड लिहितात. लांबून जुळे भाऊ, पण फिलिप्सच्या टोकाच्या बाजू निमुळत्या असतात आणि पोझिड्राइव्हच्या जवळपास सरळ, म्हणून पीएच २ त्यात घातला तर बसल्यासारखा वाटतो, दोन फेरे फिरतो आणि जोर आला की टक्‌कन वर उचलला जातो. दरवेळी खाचेचा थोडा चुरा होतो. चार-पाच वेळा झालं की स्क्रूच्या डोक्यात वाटी तयार.

घरी आणून जोडायचं फर्निचर असतं त्यात आणि ती ३५ मिलिमीटरच्या गोल वाटीवाली बिजागरी असते तिच्यात हटकून पीझेड २ असतो. मी स्वतः सहा वर्षं पीएच २ ने त्या बिजागऱ्या पिळत होतो आणि स्क्रू बनवणाऱ्याला शिव्या देत होतो. पीझेड २ चा एक बिट आणला, पहिल्यांदा घातला तर असा घट्ट बसला की हात सोडला तरी ड्रायव्हर आडवा तसाच लटकून राहिला. लाज वाटली.

अवांतर: फिलिप्सची फुली १९३६ मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाड्यांच्या जोडणीत वापरली आणि तिथून पसरली, कारण यंत्राच्या ड्रायव्हरला तिचा मध्य आपोआप सापडतो. ती जास्त पिळू नये म्हणून मुद्दाम घसरणारी केली असं सगळे सांगतात पण मूळ पेटंटांत तसं काही लिहिलेलं नाही. पोझिड्राइव्ह आला १९६२ च्या सुमाराला, आणि टॉर्क्स १९६७ मध्ये. कॅनडात रॉबर्टसनची चौकोनी खाच तर १९०८ पासून आहे आणि ती दोघांपेक्षा सरस, पण ते रडगाणं वेगळ्या धाग्यात.

अर्धा_इंच
सगळं ठीक पण छोटा कशाला घेताय राव? छोट्याने जोर लागत नाही. लांब दांड्याचा घ्या, जितका लांब तितका जोर जास्त, हे शाळेत तरफेत शिकलोय आपण.

तिसरा_हात
दादा, तरफ आडवी असते. पाना लांब घेतला तर जोर वाढतो कारण हात आसापासून लांब जातो. स्क्रू ड्रायव्हर आपण त्याच्या स्वतःच्या आसाभोवती फिरवतो, तिथे दांडा वीतभर असो की हातभर, पिळायचा जोर ठरतो मुठीच्या जाडीवर. विश्वास बसत नसेल तर एकाच बिटवर आधी बारीक पेनासारखी मूठ आणि मग जाड मूठ लावून बघा.

अर्धा_इंच
मग माझा लांबवाला सोपा का जातो? अनुभव खोटा का?

तिसरा_हात
अनुभव खरा, कारण दुसरं. लांब दांड्याची मूठ सहसा जाडही असते, हे एक. आणि लांब दांडा थोडा कलला तरी टोकाचा कोन कमी बदलतो, म्हणून टोक खाचेत सरळ राहतं, घसरत नाही. बुटका ड्रायव्हर मनगटाबरोबर डुलतो. म्हणून छोट्याने काम करताना दुसऱ्या हाताची दोन बोटं मानेशी धरायची आणि पिळण्यापेक्षा दाबायला जास्त ताकद लावायची. अडकलेल्या स्क्रूला लोक पिळत सुटतात, दाबतच नाहीत.

अर्धा_इंच
हां, हे पटलं. शाळेचं नाव खराब केलं मी.

आटे_गेले
मी उशिरा आलोय पण मुद्द्याचं कुणी बोललंच नाही. बिट बदलणाऱ्या ड्रायव्हरचा खरा लोचा मानेत आहे. बिट ज्या नळीत बसतो ती नळी बाहेरून १० ते ११ मिलिमीटर जाड असते आणि बिट तिच्याबाहेर जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर येतो. आता कुठलंही प्लास्टिकचं उपकरण उलटं करा, पंखा, इस्त्री, व्हॅक्यूम क्लीनर, स्क्रू असतो खोल विहिरीत. विहिरीचं तोंड ८ मिलिमीटरचं. तुमचा ड्रायव्हर काठावरच अडकतो आणि खाली स्क्रू दिसतोय, हाताला येत नाही, असा जीव जातो ना. मी एकदा वैतागून नळीच कानसीने घासायला बसलो होतो, ते पोलाद कानसीला दाद देईना.

उपाय आहे. त्याच मापाचे ५० मिलिमीटर लांबीचे बिट मिळतात, ड्रिलला लावतात ते. त्यांचा षटकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७.३ मिलिमीटर भरतो, म्हणजे आठच्या भोकात जातो, आणि तीन-साडेतीन सेंटिमीटर तरी आत पोचतो. अंदाज घ्यायला साधी षटकोनी पेन्सिल वापरा, ती साधारण तितकीच जाड असते. भोकात पेन्सिल गेली तर लांब बिट जाणार, पेन्सिलच अडली तर एकसंध बारीक दांड्याचाच ड्रायव्हर लागणार, तिथे इलाज नाही. तेव्हा ड्रायव्हर घेताना एवढं बघा की ५० चा बिट त्याच्यात नीट बसतो का. काही मुठींत बिट पकडायला आत तारेची कडी असते, काहींत नुसता लोहचुंबक, नुसत्या चुंबकावर लांब बिट विहिरीत राहून जातो आणि ड्रायव्हर रिकामा वर येतो.

निवांत_मावशी
पेन्सिलची युक्ती भारी! आत्ता जाऊन बघितलं, इस्त्रीत गेली, टोस्टरमध्ये नाही गेली.

तिसरा_हात
मावशी, टोस्टरची वायर आधी काढली होती ना?

निवांत_मावशी
काढली होती हो. तेवढी अक्कल आहे.

तिसरा_हात
विचारलं कारण या धाग्यात प्लगचा विषय आहे. प्लास्टिकची मूठ म्हणजे शॉकपासून संरक्षण नव्हे. बिट बदलायच्या ड्रायव्हरची मान उघडी धातूची असते आणि बोट तिथेच जातं. विजेच्या कामाचे वेगळे ड्रायव्हर असतात, टोक सोडून सगळ्या दांडीवर आवरण असतं आणि मुठीवर दोन त्रिकोणांची खूण व १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आयईसी ६०९०० म्हणून त्याचं प्रमाण आहे, प्रत्येक नग १०,००० व्होल्टला तपासतात. ते घेतले तरी मेन बंद करूनच काम करायचं. आणि टेस्टरने स्क्रू पिळणाऱ्यांनो, त्याच्या पोटात काचेचा बारका दिवा आणि रेझिस्टर असतो, पिळून पिळून तो तडकला की टेस्टर ‘करंट नाही’ म्हणणार आणि करंट असणार.

माळ्यावरचा
टेस्टरने डबे उघडणं आजपासून बंद. खरंच हे डोक्यात आलं नव्हतं. रॅचेटचं कुणीतरी सांगा की.

सुटा_नट
रॅचेट मला आवडतं, लांब स्क्रू असेल तर मूठ न सोडता कटकट करत आत जातो. ७२ दात्यांचं असेल तर ५ अंशाला एक दाता, अडचणीच्या जागी हात जेमतेम हलतो तिथे बरं पडतं.

गंजलेला_खिळा
मला नाही आवडत. घरात ढिले स्क्रूच जास्त आणि ढिल्या स्क्रूवर रॅचेट चालतच नाही. मूठ मागे फिरवताना दाता सरकायला स्क्रूने थोडा तरी विरोध करायला हवा ना, ढिला स्क्रू मुठीबरोबर मागेच येतो, तू फिरवतोयस आणि स्क्रू जागच्या जागी झुलतोय. शिवाय स्वस्त रॅचेटमध्ये दिशेची कळ मधे अडकते, आणि हाताला स्क्रू किती घट्ट झाला ते कळत नाही. प्लास्टिकमध्ये तेच तर कळायला हवं.

सुटा_नट
ढिल्या स्क्रूचं खरंय. मी तेव्हा कळ मधोमध ठेवतो, मग तो साधाच ड्रायव्हर होतो. म्हणजे पैसे रॅचेटचे आणि वापर साधा, हे कबूल.

चष्मे_बहाद्दर
बाबांच्या चष्म्याचं वाचून आलो. हा मोठा ड्रायव्हर चष्म्याला चालणार नाही, उगाच एकातच सगळं कोंबायला जाऊ नका. बारीक कामाचे बिट ४ मिलिमीटरच्या षटकोनाचे असतात, मूठ पेनासारखी, आणि वरच्या टोकाला सुटी फिरणारी टोपी असते. तर्जनी टोपीवर दाबून ठेवायची आणि अंगठा-मधल्या बोटाने दांडी फिरवायची. चष्म्याला बहुधा सव्वा-दीड मिलिमीटरचा चपटा नाहीतर बारीकशी फुली, पीएच ०० किंवा ०००. लॅपटॉपच्या तळाला पीएच ० नाहीतर टी ५, ॲपलवाल्यांचा पाच पाकळ्यांचा वेगळाच. आणि हे काम करताना खाली पांढरा टॉवेल पसरा, टेबलावरून उडालेला चष्म्याचा स्क्रू मी आजवर एकदाही शोधू शकलेलो नाही.

खेळण्याच्या सेलच्या झाकणाला पीएच ० किंवा पीएच १ लागतो. बऱ्याच खेळण्यांत तो स्क्रू झाकणातच अडकवलेला असतो, पूर्ण बाहेर येतच नाही. आमच्याकडे एक पाहुणे दहा मिनिटं तो ‘काढत’ बसले होते.

परत बसवताना एक करा. प्लास्टिकमधला स्क्रू आधी उलटा फिरवा, हळू, एका ठिकाणी बारीक टक्‌ असा खाली बसल्यासारखा लागतो. तिथून सुलटा फिरवायचा. म्हणजे तो जुन्याच आट्यात जातो, नवे आटे पाडत नाही. हे न करता दरवेळी पिळला की चार-पाच वेळांत भोक मोठं होतं आणि मग झाकण सेलोटेपवर.

आटे_गेले
हे वाक्य माझ्या नावासकट वाचावं. टक्‌ आला की थांबायचं हे मला कुणी लहानपणी सांगितलं असतं तर नाव दुसरं असतं.

निवांत_मावशी
आणि ज्याची आधीच वाटी झालीये त्याचं काय करायचं?

आटे_गेले
मावशी, रबरबँड. रुंदसा घ्यायचा, खाचेवर ताणून धरायचा, वरून पीएच २ दाबून हळू फिरवायचा. कधी चालतं कधी रबरबँडचे तुकडे होतात. त्याने नाही झालं तर गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट वापरतात ती टोकाला थेंबभर लावायची, पकड येते. आणि आधी किंचित घट्ट करून मग सोडवायचा, गंज पहिल्या झटक्याला तुटतो. लाकडात भोकच सैल झालं असेल तर गोंद लावून दोन काडेपेटीच्या काड्या आत आणि वाळल्यावर स्क्रू.

माळ्यावरचा
मंडळी, रविवार सत्कारणी लावला. भिंग, टॉर्च आणि वही घेऊन घरभर फिरलो, बायकोने दोनदा विचारलं बरं आहे ना म्हणून. एकूण ७३ डोकी बघितली. ४१ पीएच २. १४ पीझेड २, सगळे कपाटाच्या बिजागऱ्यांचे, गंजलेला_खिळा म्हणाला तशा रेघा, आणि त्यातल्या ६ मध्ये मीच वाटी केलेली. ९ पीएच १, ५ चपटे, ३ ॲलनचे षटकोनी, आणि १ टॉर्क्स. तो एकुलता एक टी १५ आहे व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटाखाली, अर्थातच विहिरीत. पेन्सिल गेली!

म्हणजे ४६ तुकड्यांमधले मला लागणार ६, तेही ॲलन धरून. ॲलनच्या किल्ल्या फर्निचरबरोबर आलेल्या आहेतच.

सुटा_नट
सहाच लागणार असतील तर वेराच्या क्राफ्टफॉर्म कॉम्पॅक्ट २० सारखा बघ, मुठीतच ६ बिट बसतात, बटण दाबलं की मागून खण उघडतो. ते डोळ्यासमोर ठेव, कंपनी कुठलीही घे, विहा, पीबी स्विस, व्हेसल, कुणाचाही चालेल. बरोबर आलेल्यात नको ते बिट निघाले तर काढून आपले घालायचे, माप तेच. बिटवर नंबर नीट कोरलेला दिसतोय का बघ, नुसता छापलेला असेल तर महिन्यात पुसतो आणि पीएच-पीझेडचा घोळ परत सुरू. आणि टोक उजेडात धरून बघ, कडा धारदार, स्वच्छ हव्यात. ज्याच्या टोकावर क्रोमचा जाड मुलामा चढून कडा गोलसर झाल्यात तो ठेवून दे.

गंजलेला_खिळा
पीएच २ चे दोन जास्तीचे आण. बिट झिजायचाच, टायरसारखा. झिजला की फेकायचा, ‘अजून चालतोय’ म्हणत स्क्रूची डोकी खात बसायचं नाही.

माळ्यावरचा
आला एकदाचा. मुठीत सहाचा खण, रॅचेट नाही, नळीच्या आत कडी आणि चुंबक दोन्ही. पीझेड २ आणि टी १५ चे ५० मिलिमीटरवाले बिट वेगळे आणले, ते खणात मावत नाहीत, रबरबँडने मुठीला बांधलेत, दिसायला गबाळं आहे पण चालतंय. चष्म्यासाठी ४ मिलिमीटरचा छोटा पेनवाला वेगळा घेतला.

कपाटाची सगळी दारं एका दुपारी सरळ केली. त्या सहा वाट्यांपैकी चार पीझेडनेच निघाले, एक रबरबँडने, सहावा अजून आत आहे, त्याला पेस्ट लावून ठेवणार आहे. व्हॅक्यूम क्लीनरचा टी १५ निघाला, आत तीन बिट सापडले, सोफ्याखालचे.

टोस्टरचं मात्र आमच्याकडेही मावशींसारखंच, पेन्सिल जात नाही. शेवटी आईकडून तो लाल मुठीचा मागून घेतला, त्याचा दांडा पाच मिलिमीटरचा, सरळ आत गेला. काम झाल्यावर आईने तो फडक्याने पुसला, ड्रॉवरात न ठेवता आपल्या खोलीत घेऊन गेली.